चौदा नंबरचा दाखला

१२ नोव्हेंबर १९६४, लोणावळा

आजपासून ही वही. अंबाजी घारे घड्याळं कशी पारखायचा, असं पुढेमागे कुणी विचारलं तर उत्तर लेखी असावं. तोंडी सांगितलेलं लोक विसरतात. लेखी दिलेलंही विसरतात, पण निदान आपल्याला त्यांच्या तोंडावर फेकता येतं.

पुण्याच्या एका लिलाव कंपनीचे सोपानराव परवा तळेगावला माझ्या दुकानी आले. लोणावळ्यात तुंगार्लीच्या बंगल्यातली एकवीस जुनी मनगटी घड्याळं विकायची आहेत, प्रत्येकाची पारख करून सहीचा दाखला द्या, म्हणाले. हे काम नीट झालं तर कंपनीच्या सगळ्या लिलावांचा पारखी मीच. सोपानरावांना घड्याळातलं एवढंच कळतं की त्याला दोन काटे असतात. तिसरा दाखवला तर दचकतील. पण स्टेशनसमोर सव्वीस वर्षं लोकांच्या घामट पट्ट्यांना भोकं पाडत बसलेल्या माणसाला अशी संधी पुन्हा येत नाही, हे मला कळतं. 'घड्याळ पारखी' अशी पाटी रंगवायला टाकूनच निघालो.

बंगला एका मेजरसाहेबांचा. देहूरोडच्या डेपोतून निवृत्त झालेले, शेवटची काही वर्षं डोळे गेलेले, आषाढात वारले. गोरे अंमलदार देश सोडून जाताना जे जे विकत गेले, ते हे घेत गेले. बायको नाही, मूल नाही. मागे उरला मुंबईचा एक पुतण्या. तो आज मला कपाट दाखवायला आला आणि सगळा वेळ छताचे पंखे मोजत होता. आणि उरला रखवालदार गेणू, डोंगरातला ठाकर, पंचावन्नचा असेल. त्याची बायको गंगी चहा करते. चहा गुळाचा. पिववत नाही.

१३ नोव्हेंबर

आज सगळी घड्याळं उघडली. पहिल्या महायुद्धातली दोन, काचेवर लोखंडी जाळी असलेली. बाकीची त्यानंतरची, वीस-पंचवीस-तीस सालची. सगळी स्विस. आतून इतकी स्वच्छ की माझा विश्वास बसेना. डोळे गेलेल्या म्हाताऱ्याने शेवटची सहा वर्षं ही कशी सांभाळली असतील? गेणूला विचारलं तर म्हणाला, "मालक सांगायचं, मी करायचो." बिचाऱ्याला वाटतं, फडक्याने पुसलं म्हणजे घड्याळ सांभाळलं.

दुपारी हाच गेणू दाराशी येऊन उभा राहिला. टोपी हातात. म्हणाला, "साहेब, त्यातलं चौदा नंबरचं माजं हाय."

मी भिंग डोळ्यावरून काढलं. चौदा नंबर म्हणजे चांदीच्या घराचं, पांढऱ्या डायलचं, देखणं घड्याळ. म्हटलं, "तुझं?"

"गेल्या सालच्या दिवाळीला मालकानं सोताच्या मनगटावरनं काढून दिलं. सहा वरीस मी त्यास्नी येळ सांगितली, म्हनून."

"मग कपाटात कशाला?"

"एकदा बाजारात घालून गेलतो. शिपायानं धरलं. कुटनं चोरलं म्हनला. सांजंपतूर चौकीत बसीवलं. मालक काठी टेकत आलं, तवा सोडलं. तवापास्नं हितंच ठिवलंय."

"कागद आहे काही? चिठ्ठी?"

"न्हाई. मालकास्नी दिसत न्हवतं, ल्हिणार कसं?"

आतून गंगीही ओरडली, "खरं हाय ओ साहेब. पुतण्याला सांगितलं, त्यो हसला. तुमी तरी सबूद टाका." मी शब्द टाकला नाही. उद्या हा बंगलाच मला दिला म्हणेल. चांदीचं स्विस घड्याळ ठाकराच्या हातावर! गाढवाला गुळाची चव काय? यादीत एकवीस आहेत, दाखले एकवीसच लिहिले जातील.

१५ नोव्हेंबर

दोन दिवस स्वतः तेलपाणी केलं. आजपासून चाचणी.

बाकीचे घड्याळजी यंत्राचं तोंड बघून किंमत करतात. डायल चकचकीत, की दोनशे. मला त्या मंडळींची कीव येते. माझी पद्धत वेगळी. आठ दिवस घड्याळ चालवायचं, काट्यांना हात लावायचा नाही, रोज सकाळी नऊला चावी द्यायची आणि किती मिनिटं चुकलं ते मांडायचं. आतून कसंही दिसो, चाल काय सांगते ते खरं.

ताडून बघायला माझं खिशातलं रेल्वेचं घड्याळ. ते टांग्यात हादरायला नको म्हणून त्याच खोलीत, कपाटाशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवलंय. रोज सकाळी बंगल्यातल्या रेडिओवर ते तपासतो. कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या करगोट्याला. रात्री बाजारातल्या लॉजवर माझ्यासोबत झोपते.

गेणू दारात उभा राहून बघत होता. ऐकणारा कसा का असेना, सांगायला बरं वाटतं, म्हणून त्याला सगळी पद्धत समजावली, काट्यांना हात लावायचा नाही हेही. म्हटलं, "रोज दोन मिनिटं मागे पडणारं घड्याळ वाईट नव्हे. ते नेमाने चुकतं. आतली सुई जरा सरकवली की सुधारतं. पण आज पुढे, उद्या मागे, परवा बंद, असं वागणारं जे असतं त्याला देवही दुरुस्त करू शकत नाही."

"म्हंजे येकसारकं चुकलं तर चालंल. आन कसंबी चुकलं तर?"

"तर भंगार."

"भंगाराची बोली कितीपास्नं?"

"पाच रुपयांपासून. कुणी घेणारा भेटला तर."

"कोन बी घेऊ शकतो?"

"ज्याला हात आहे तो वर करू शकतो."

गेणूने मान डोलावली आणि अंगण झाडायला गेला. इतकं समजावलं त्यातलं काय डोक्यात शिरलं देव जाणे. पालथ्या घड्यावर पाणी.

१६ नोव्हेंबर

नऊला कपाट उघडलं. एकवीसपैकी वीस घड्याळं माझ्या रेल्वेच्या घड्याळाशी काट्याला काटा लावून उभी. एका मिनिटाचा फरक नाही. पन्नास वर्षांची ती जाळीवाली म्हातारीसुद्धा.

फक्त चौदा नंबर बारा मिनिटं पुढे.

१७ नोव्हेंबर

वीस बरोबर. चौदा नंबर सात मिनिटं मागे.

काल पुढे, आज मागे. म्हणजे हेच ते. ज्याच्यासाठी गेणू टोपी काढून उभा होता ते! मला हसू आलं. त्याला सांगितलं, "तुझं घड्याळ बिघडलंय रे." तो म्हणाला, "असंल साहेब. माज्यागतच म्हातारं झालंय." गंगी चहा घेऊन आली. आज चहा साखरेचा होता.

१९ नोव्हेंबर

चौदा नंबर बंद पडलं होतं. हलवलं तर चालू झालं. आत भिंग लावून पाहिलं, एक दोष दिसत नाही. कमान नवी, केसाएवढी बारीक बालकमानी सरळ, चाकांच्या आसांखालचे दगड स्वच्छ. दुसरा कुणी असता तर इथेच फसला असता आणि अडीचशे लिहून मोकळा झाला असता. म्हणूनच मी म्हणतो, तोंड बघू नका, चाल बघा.

बाकीची वीस आजही बरोबर. आता याचं कारणही लिहून ठेवतो. ती मी साफ केलीत. तेल किती घालायचं हे पुण्यापासून खंडाळ्यापर्यंत एकालाही कळत नाही. लोक घड्याळात तेल घालतात की भजी तळतात, कळत नाही. माझा थेंब पडला आणि पन्नास वर्षांची यंत्रं सरळ झाली. स्वतःची स्तुती करू नये म्हणतात. पण हातच्या काकणाला आरसा कशाला?

२० नोव्हेंबर, तळेगाव

चाचणी नऊला मांडून कपडे बदलायला घरी आलो, उद्याच्या पहिल्या गाडीने परत. जेवताना नंदाबाईला सांगितलं. छत्तीस साली लग्न झाल्यापासून माझ्या धंद्यातलं एक अक्षर तिला कळलेलं नाही, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. म्हणाली, "वीसच्या वीस सारखी चालतात? आपल्या घरातली दोन घड्याळं कधी जुळली नाहीत. माजघरातलं दहा मिनिटं पुढं, दुकानातलं पाच मागं."

म्हटलं, "ती गिऱ्हाइकांची टाकलेली आहेत."

"साफ तुम्हीच केलीत ना?"

उंटावरच्या शहाण्यांना उत्तर देऊ नये. पानावरून उठलो.

२३ नोव्हेंबर

आठ दिवस पुरे. वीस घड्याळं शेवटपर्यंत बरोबर. चौदा नंबरचा ताळेबंद असा: पुढे बारा, मागे सात, पुढे तीन, बंद, मागे वीस, पुढे नऊ, पुन्हा बंद, मागे चार. इतका वेडेपणा मी सव्वीस वर्षांत पाहिला नाही.

दाखले लिहिले. विसांवर असं: 'आठ दिवसांच्या चाचणीत एका मिनिटाचीही चूक नाही. मी स्वतः पाहिले आहे.' खाली सही, शिक्का. चौदा नंबरवर: 'चाल अत्यंत अनियमित. दुरुस्तीच्या पलीकडे. भंगार समजावे.' सही, शिक्का.

सोपानराव कागद घ्यायला आले. वाचून डोकं खाजवू लागले. "घारे, सगळीच कशी बरोबर? निदान एक-दोन मिनिटं तरी इकडंतिकडं लिहा. लोकांना शंका यायची."

"तुमच्या लोकांसाठी मी खोटं लिहायचं?"

"खोटं नाही हो, पण…"

"सोपानराव, तुम्ही हातोडा आपटा. घड्याळं मला बघू द्या."

कागद पिशवीत घातले. अशा लोकांच्या हाती सगळे लिलाव! बरं झालं, आता माझ्यासारखा माणूस तिथे जातोय.

२९ नोव्हेंबर, रविवार

लिलाव झाला. व्हरांड्यात चाळीसेक खुर्च्या. मुंबईची मंडळी पायाशी चिक्कीचे पुडे ठेवून बसलेली. दर पाच मिनिटांनी कुणाचा तरी पुडा फुटायचा. यांना घड्याळ हवं असतं ते वेळ बघायला नव्हे, शेजाऱ्याला दाखवायला. पण माझे दाखले सोपानरावांनी मोठ्याने वाचले आणि बोली अशी चढली की पुतण्याने पंखे मोजणं सोडलं. जाळीवालं पहिलं तर सोपानरावांच्या अंदाजाच्या तिप्पट गेलं. प्रत्येक वेळी माझं नाव. प्रत्येक वेळी चाळीस माना माझ्याकडे.

मग चौदा नंबर. सोपानरावांनी पाच रुपये म्हटलं. मागून आवाज आला, "पाच."

गेणू. धुतलेला सदरा, टोपी डोक्यावर. सगळे वळून बघून हसले. मीही हसलो, का नाही हसणार? एका मुंबईच्या तरुणाने घड्याळ हातात घेऊन मागचं झाकण उघडलं, आत बघून त्याच्या भुवया वर गेल्या. "सात," म्हणाला. गेणू म्हणाला, "आठ." दारामागे गंगी पदर तोंडात धरून उभी होती. आठ रुपयांसाठी एवढा जीव! तरुण बोलणार एवढ्यात मी उठलो आणि म्हटलं, "मिस्टर, दाखला वाचा. पैसे झाडाला लागलेत का?" त्याने वाचला, हसला, घड्याळ खाली ठेवलं. हातोडा पडला.

मी केलं ते योग्यच केलं. मी भंगार म्हटलेलं घड्याळ कुणी चढ्या भावाने नेलं असतं तर त्यात माझाच अपमान होता.

गंमत पुढे. गेणू टेबलाशी येऊन म्हणतो, "पावती द्या." आठ रुपयांच्या भंगाराला पावती! "नाव घाला, गेणू महादू मेंगाळ. घड्याळाचा नंबर घाला. आन साहेबांचा कागुद बी जोडा." सोपानरावांनी कंटाळून टाचणी लावून दिलं. गेणूने दोन्ही कागद कपाळाला लावले. मग तिथेच, सगळ्यांदेखत, घड्याळ मनगटावर बांधलं. मला किळस आली आणि थोडी दयाही आली. बंद पडणाऱ्या वस्तूवर माणसाने इतका जीव लावू नये.

संध्याकाळी सोपानराव म्हणाले, जानेवारीपासून तुम्हीच. घरी येताना पाटीवाल्याला घाई करायला सांगितलं.

८ डिसेंबर, तळेगाव

सोपानरावांचं पत्र. जाळीवालं घड्याळ ज्याने नेलं तो तक्रार करतोय, रोज अर्धा तास मागे पडतं म्हणून. पाडलं असेल. नाहीतर अंघोळीला घालून बसला असेल. तसं उत्तर लिहिलं.

११ डिसेंबर

आज चार पत्रं. एक रोज दहा मिनिटं पुढे, दोन मागे, एक सकाळी चावी दिली की दुपारी झोपतं. चौघांनी अंघोळीला घातलं? जेवण गेलं नाही. नंदाबाईने ताट उचललं आणि माजघरातलं घड्याळ दहा मिनिटं मागे घेतलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

१३ डिसेंबर

लोणावळ्याला जाऊन आलो. आजच लिहितो. उद्या लिहिलं तर मी ते बदलून लिहीन.

बंगल्याला पुतण्याचं कुलूप. गेणू मागच्या बाजूला आंब्याखाली बसून बोचकं बांधत होता. दोघं डोंगरावर आपल्या पाड्यावर जायला निघालेली. मी सरळ विचारलं, "मी नसताना कपाटाला कुणी हात लावायचं का?"

"मीच की साहेब," तो म्हणाला. "तुमी यायच्या जरा आदी चावी द्यायची, येळ लावायची. तुमचं घड्याळ तितंच टांगल्यालं. त्याच्यावरनं लावायचो."

मी म्हटलं, "किल्ली माझ्याकडे होती."

त्याने सदरा वर केला. त्याच्या करगोट्यालाही एक किल्ली. "ही मालकाची. तुमी इचारलंच न्हाई."

"अरे पण कशासाठी? काट्यांना हात लावायचा नाही असं मी तुझ्यासमोर म्हटलं होतं!"

"मरताना मालकानं सांगितल्यालं. इकूस्तवर रोज लावायची, येक दिस चुकवायचा न्हाई. तुमी चार दिसांचं. मालक एकवीस वरसांचं."

आठ दिवस मी माझं घड्याळ माझ्याच घड्याळाशी ताडत होतो आणि माझ्या तेलाच्या थेंबाचं कौतुक करत होतो. या वहीतच लिहिलंय, खोडता येत नाही. नंदाबाईला कळलं होतं. सोपानरावाला कळलं होतं. दोन काटे ओळखणाऱ्या सोपानरावाला! मला लाज वाटली. इथे लिहितो, बाहेर कुणाला सांगणार नाही.

गंगी चहा घेऊन आली. प्यालो. मग सहज गेणूच्या मनगटाकडे लक्ष गेलं. चौदा नंबर चालू होतं. सवयीने माझं रेल्वेचं घड्याळ काढून शेजारी धरलं. काट्याला काटा.

"हे आज लावलंस?"

"न्हाई. लिलावाच्या दिशी लावलं. मंग नुसती चावी."

चौदा दिवस. एका मिनिटाचा फरक नाही. एकविसांतलं हेच एक घड्याळ खरं चालणारं निघावं आणि भंगार मी त्यालाच म्हणावं! परतीच्या गाडीत विचार केला. कपाटात थंडीने तेल घट्ट झालं असणार आणि मनगटाच्या उबेने सुटलं असणार. होतं असं. दुसरं कारण दिसत नाही. बाकीची रोज नेमाने लावणारा माणूस नेमकं हेच लावायला विसरला, हे मात्र नवल. स्वतःच्या वस्तूची हेळसांड करायची जातच असते काहींची.

निघताना म्हटलं, "ती पावती सांभाळ हो." चेष्टेनेच म्हटलं.

त्याने टोपीतून घडी काढून दाखवली. "परवा बाजारात शिपायानं हटकलं. त्योच. पावती दावली, तुमचा कागुद दावला. भंगार वाचून हसला, म्हनला जा." मग माझ्या पायाशी वाकायला लागला. मी मागे सरलो. "तुमी लय शिकीवलं साहेब," म्हणाला. "तुमचे उपकार न्हाई फिटायचे."

माझ्या आयुष्यात माझ्या विद्येची कदर केली ती या एका माणसाने. काय नशीब!

२२ डिसेंबर

कंपनीने सगळ्यांचे पैसे परत केले. जानेवारीचं काम रद्द. सोपानरावांनी माझे दाखले एका पाकिटात घालून पाठवले. सोबत एक ओळही नाही.

पाटीवाला पाटी घेऊन आला. अक्षरं सुरेख काढलीत मूर्खाने. उलटी करून भिंतीला टेकवली. पट्ट्याला भोक पाडायला एक बाई आली होती, तिचं काम केलं.

दुपारी दाखले मोजले. वीस. एकवीस लिहिले होते. एक कमी कसा म्हणून पुन्हा मोजले, मग आठवलं. वीस जण माझी सही परत करून गेले. जो एकविसावा दाखलाही तितकाच चुकीचा आहे हे मला आता पक्कं ठाऊक आहे, तो तेवढा एक माणूस टोपीत घालून हिंडतोय आणि पोलीससुद्धा तो मानतात.